शेठजी म्हणाले, "कॉलनीचं तू पाहा!"



मागच्या महिन्यात हिंगणघाटच्या बॅचमध्ये शेवटच्या रांगेत एक जण बसला होता. दिवसभर एक अक्षर बोलला नाही. चहाच्या सुट्टीत माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "सर, माझा काही धंदा नाही. पण माझ्याकडे किराणा दुकान आहे, पाणीपुरवठा आहे, शाळेचा ऑटो आहे, डॉक्टरची व्हिजिट आहे. आणि गिऱ्हाईक एकही खूश नाही."

मला वाटलं, गंमत करतोय. मग त्याने सगळं सांगितलं. हा भाऊ एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये हिशेबनीस आहे. सोबत सरकीची तेल मिल. हमरस्ता सोडून बरंच आत, आजूबाजूला पराटीची वावरं, बाजाराचं गाव १४ किलोमीटरवर. आवाराच्या मागे कंपनीची ४८ घरं. आधी कॉलनी पाहणारे सुपरवायझर काम सोडून गेले, तशी शेठजींनी चाव्यांचा जुडगा याच्या हातात दिला आणि म्हणाले, "आता कॉलनीचं तू पाहा." पगार तेवढाच राहिला. शिव्या मात्र दुप्पट झाल्या.

या विषयावर मी व्हिडिओ केला, पण त्यात हिशेब दाखवायला वेळ पुरला नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितो. तुमच्याकडे कॉलनी नसेल, पण वीटभट्टी असेल, क्रशर असेल, पोल्ट्री असेल, हायवेवर ढाबा असेल आणि दहा माणसं तिथेच राहत असतील, तर हे तुमच्यासाठीच आहे. वही काढून बसा.

आपल्या जिल्ह्याला ही गोष्ट नवीन नाही. हिंगणघाटला आणि पुलगावला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कापडाच्या गिरण्या निघाल्या आणि त्यांच्या भोंग्यावर दोन्ही गावांची घड्याळं चालायला लागली. पुलगावला पुढे लष्कराचा मोठा दारूगोळा डेपो आला, त्याची स्वतंत्र वसाहतच आहे. वर्ध्याजवळ भुगावला पोलादाचा कारखाना आला. आणि कापसाच्या हंगामात, दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत, किती तरी जिनिंगच्या आवारात छोटी छोटी गावं वसतात आणि उठतात. त्यांची नोंद कुठल्याच नकाशावर नसते.

काम जिथे आहे तिथे माणूस नसेल, तर माणूस आणून वसवावा लागतो. आणि माणूस वसवला की लगेच पाणी, पीठ, ताप, शाळा, भांडण, सण, सगळं तुमच्या दारात येतं. तुम्ही जिनिंग टाकायला गेलेले असता आणि नकळत सरपंच होऊन बसता. मी बीबीए केलं, तीन वर्षांत मार्केटिंगचे चार पी पाठ केले. कॉलनीत पाणी किती वाजता सोडायचं, हे कोणी शिकवलं नाही.

वाडीची गोष्ट

आपल्या महाराष्ट्रात हे काम ज्यांनी नावारूपाला आणलं ते लक्ष्मणराव किर्लोस्कर. बेळगावात सायकलचं दुकान, मग लोखंडी नांगर, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण पुढचा भाग आपल्या कामाचा आहे. बेळगावातली कारखान्याची जागा सोडायची पाळी आली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर जागा आणि १०,००० रुपये बिनव्याजी देऊ केले. जागा कशी, तर माळरान. निवडुंग आणि नाग. १० मार्च १९१० रोजी तिथे किर्लोस्करवाडी सुरू झाली, साधारण २५ कामगार आणि त्यांची कुटुंबं घेऊन. पुढे त्या रेल्वे स्टेशनचं नावच किर्लोस्करवाडी झालं. आज ते गाव सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यात आहे.

आता मला यातली कोणती गोष्ट महत्त्वाची वाटते? लक्ष्मणरावांनी कारखाना आणि गाव एकाच माणसाच्या डोक्यावर टाकलं नाही. त्यांचे भाऊ रामूअण्णा यांच्याकडे वाडीची आखणी आणि कारभार होता. शंभोराव जांभेकर इंजिनिअर, पण वाहतूक आणि लोकांचे कार्यक्रमही तेच पाहायचे. मंगेशराव रेगे हिशेब सांभाळायचे. दरोड्याची शिक्षा झालेल्या दोघांना राखणीवर ठेवलं आणि वाडीचे सगळ्यात भरवशाचे पहारेकरी तेच ठरले. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, हेही ठरलेलं होतं. त्या काळात हे म्हणजे केवढं! आणि १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघालं, त्याचंच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं. आज आपण कॉलनीचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढतो आणि त्यावर 'गुड मॉर्निंग'ची फुलं पाठवतो. यांनी कारखान्याच्या बातमीपत्राचं मराठीतलं एक मोठं मासिक केलं.

म्हणजे मुद्दा काय? गाव चालवणं हे वेगळं खातं आहे. त्याला माणूस वेगळा, वेळ वेगळा, हिशेबाची वही वेगळी. आमच्या भाऊसारख्या हिशेबनिसाला "जरा तेवढं पाहा" म्हणून देण्याचं ते काम नव्हे. मोठ्या प्रमाणावर हेच जमशेदपूरला दिसतं. ज्या जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला आपल्या नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, त्यांनीच पोलादाच्या नियोजित शहरासाठी रुंद रस्ते, सावलीची झाडं, खेळाची मैदानं आणि सगळ्या धर्मांची प्रार्थनास्थळं यांना जागा ठेवायला मुलाला पत्रातून कळवलं होतं. पुढे २००४ पासून तिथलं पाणी, रस्ते, कचरा या सेवांसाठी कंपनीने वेगळी कंपनीच उभी केली. आपल्याला कंपनी काढायची गरज नाही, १०० पानी वही पुरेल. पण वेगळी हवी.

पगारही तुम्हीच देता, भाडंही तुम्हीच घेता

एक उलटं उदाहरण सांगतो. अमेरिकेत जॉर्ज पुलमन नावाचा उद्योगपती होता, रेल्वेचे झोपायचे डबे बनवायचा. त्याने १८८० मध्ये शिकागोजवळ कामगारांसाठी गाव वसवायला घेतलं. विटांची पक्की घरं, नळ, गॅस, बाजाराची इमारत, लायब्ररी, थिएटर. पाहायला लांबून लोक यायचे. पण त्याचा नियम होता की गावावर घातलेल्या पैशावर ६ टक्के परतावा सुटला पाहिजे. १८९३ ला मंदी आली. पुलमनने मजुरी सरासरी चौथ्या हिश्श्याच्या आसपास कापली. घरभाडं मात्र एका पैशाने कमी केलं नाही. १८९४ च्या मे महिन्यात संप झाला, तो देशभरच्या रेल्वेत पसरला, लष्कर बोलवावं लागलं. १८९८ मध्ये तिथल्या कोर्टाने कंपनीला सांगितलं, कारखाना सोडून बाकीचं गाव विकून टाका.

गाव वाईट होतं म्हणून हे झालं का? गाव उत्तम होतं. पण एका हाताने पगार देणारा आणि दुसऱ्या हाताने भाडं घेणारा माणूस एकच असला, की कामगाराला दोन्ही हात खिशातच दिसतात. तुम्ही कितीही प्रामाणिक असा.

मी या बाबतीत जरा हट्टी आहे आणि त्याचं कारण घरातलं आहे. माझ्या बाबांचं किराणा दुकान आपल्याच जिल्ह्यात एका कारखान्याच्या गेटसमोर होतं. नाव घेत नाही. कारखान्याच्या आत त्यांचं स्वतःचं दुकान होतं आणि तिथलं बिल आधी पगारातून कापलं जायचं. उरेल त्यातून बाबांची उधारी. पगाराच्या दिवशी बाबा लवकर आंघोळ करून गल्ल्यावर बसायचे, नवीन पेन घेऊन. मग पगार लांबायला लागले. एक महिना, दोन महिने, पाच महिने. आतल्या दुकानातून माणूस सुटू शकत नव्हता, कारण मागचं बिल होतं. बाबा नाही म्हणू शकत नव्हते, कारण सगळ्यांची पोरं आमच्यासोबत शाळेत होती. गेटला कुलूप लागलं तेव्हा बाबांच्या वहीत १ लाख ८६ हजार रुपये लोकांकडे होते.

पण ती रक्कम मला आता तेवढी टोचत नाही. टोचतो तो दुसरा दिवस. क्वार्टरच्या पाण्याचा पंप कारखान्याच्याच लाइटवर होता. बिल थकलं, कनेक्शन कापलं, आणि नोकरीच्या पाठोपाठ सगळ्या क्वार्टरांचं पाणीही गेलं. बायका गुंड घेऊन आमच्या दारातल्या हापशीवर आल्या. बाबांनी मला दुकानातून उठवलं आणि म्हणाले, "जाय, हापसत राय." मी १४ वर्षांचा होतो. दुपारपर्यंत हापसलं. माझ्या वर्गातल्या एका पोराची आई रडत होती आणि गुंड भरत होती.

आज माझं वर्ध्याला हार्डवेअर आणि पंपांचं दुकान आहे. कोणी कॉलनीसाठी सबमर्सिबल न्यायला आला, की मी आधी विचारतो, मीटर कोणाच्या नावाचं? लोकांना वाटतं, हा दुकानदार जास्त चौकशा करतो.

कॉलनीत एक दिवस

बॅच संपल्यावर एका रविवारी मी भाऊसोबत कॉलनीत गेलो. म्हटलं, आधी तक्रारी ऐकू. बायका ओट्यावर बसल्या होत्या. पहिलीच तक्रार पाण्याची. मला वाटलं बोअर आटला असेल. पाणी भरपूर होतं! पंप चालू करणारा माणूस ९ वाजता ड्युटीवर यायचा, म्हणून नळ ९ वाजता. अन् जिनिंगमध्ये कामाला जाणाऱ्या बायका ८ वाजता घर सोडायच्या. एक बाई म्हणाली, "आमी कामावर असतो तवा नळ येते. मंग पोट्टी पानी भरते, अन् तिची शाळा बुडते."

भाऊ माझ्याकडे पाहत राहिला. शाळेचा ऑटो अर्धा रिकामा का जातो, याचा त्याला चार महिन्यांपासून प्रश्न पडला होता. पालकांना शिक्षणाचं महत्त्व नाही, असं त्याने शेठजींना सांगूनही टाकलं होतं.

डॉक्टरचंही तेच. डॉक्टर दर गुरुवारी ११ वाजता यायचे. ११ वाजता कॉलनीत असतं कोण? म्हातारी माणसं आणि तान्ही लेकरं. ज्याच्या छातीत कापसाची धूळ जाते तो मशीनवर. डॉक्टरांचे पैसे कंपनी भरत होती, रजिस्टरमध्ये व्हिजिट लागत होती, आणि लोक खोकत होते.

पंप सकाळी साडेपाचला, डॉक्टर संध्याकाळी साडेपाचला. या दोन बदलांचा खर्च काय? पंपाला रात्रपाळीच्या वॉचमनकडे चावी द्यायची, म्हणजे शून्य. डॉक्टरांना विचारायचं, तेही शून्य. मंडळी, दुकानात गिऱ्हाईक वैतागला तर तो समोरच्या दुकानात जातो. आपल्याला गल्ल्यात कळतं. कॉलनीत समोरचं दुकानच नाही. गिऱ्हाईक जात नाही, म्हणून तुम्हाला वाटतं सगळं बरं चाललंय. तो तिथेच राहतो आणि तुमच्यावर रागावतो. म्हणून इथे विचारायला जावं लागतं. तेही ऑफिसात बोलावून नाही, ओट्यावर बसून. आणि बायकांना. पाणी, किराणा, शाळा, दवाखाना, या चारही गोष्टींचा खरा अनुभव त्यांनाच असतो, पण कमिटीत नावं मात्र चार पुरुषांची असतात.

आता हिशेब

भाऊची जुनी वही पाहिली. एकाच वहीत सगळं. ऑटोचं भाडं, साबणाची पेटी, पंपाचं फ्यूज, गणपतीची वर्गणी. मी म्हटलं, तीन रकाने पाड. पहिला, कंपनीने भरायचं. दुसरा, लोकांनी खर्चाला खर्च भरायचं. तिसरा, आपण करायचंच नाही, दुसऱ्या कोणाला करू द्यायचं.

सुरुवात किराण्यापासून. लोकांची तक्रार, गावात तेलाची पिशवी स्वस्त मिळते. भाऊ म्हणे, आपण नफा घेतच नाही. दोघंही खरं बोलत होते. आठवड्याला माल आणणाऱ्या गाडीचं भाडं ७०० रुपये, ते मालाच्या किमतीत टाकलेलं. महिन्याचे २,८००. ४८ घरांत वाटले तर घरामागे ५८ रुपये. म्हणजे फक्त ५८ रुपयांपायी शेठजींना रोज ४८ घरांत चोर म्हणत होते! आता विचार करा, गाव १४ किलोमीटरवर आहे यात लोकांचा दोष आहे का? कारखाना तिथे टाकायचा निर्णय कंपनीचा. मग त्या अंतराचा खर्च कंपनीच्या रकान्यात गेला पाहिजे. मालाची किंमत लोकांच्या रकान्यात.

ही माझी कल्पना नाही बरं का. कारखाना कायदा १९४८ मधलं कॅंटीनचं कलम वाचा. २५० पेक्षा जास्त कामगार असतील तिथे कॅंटीन सक्तीचं करायचा अधिकार त्यात सरकारला दिलेला आहे. त्यातच म्हटलंय की कॅंटीनच्या कमिटीत कामगारांचे प्रतिनिधी हवेत, आणि काही खर्च असे ठरवायचे की जे पदार्थाच्या किमतीत धरायचे नाहीत, ते मालकाने सोसायचे. आता हे सगळं नवीन संहितांमध्ये गेलंय, आकडेही बदललेत, तुमच्या सल्लागाराला विचारा. पण विचार किती पक्का आहे पाहा. ताटाची किंमत वेगळी, ताट तिथपर्यंत आणण्याची किंमत वेगळी.

मग पाणी. पंप ५ एचपीचा, म्हणजे साधारण पावणेचार किलोवॅट. रोज ३ तास चालला तर ११ युनिट, महिन्याला ३३५ च्या आसपास. युनिटला १० रुपये धरा, तुमचा दर वेगळा असेल तर तो टाका. झाले ३,३५०. घरामागे ७० रुपये. त्यात दर महिन्याला १,००० रुपये मोटरसाठी बाजूला टाका, कारण मोटर कधी जळते? एप्रिल-मे मध्ये. पाण्याची पातळी खाली जाते, व्होल्टेज पडतं, मोटर कोरडी फिरते आणि जळते. वर्ध्याचा मे महिना, पारा ४५ च्या पुढे, रिवाइंडिंगवाल्याकडे रांग. (ड्राय-रन बंद करणारं यंत्र पॅनलला लावून घ्या. माझ्याकडूनच घ्या असं म्हणत नाही, कुठूनही घ्या.) एकूण घरामागे ९० रुपये. माझं मत विचाराल, तर पाण्याचे पैसे लोकांकडून घेऊ नका, पूर्ण कंपनीच्या रकान्यात टाका. पण आकडा दर महिन्याला फळ्यावर लिहा. लोकांना कळू द्या किती लागतात आणि शेठजींनाही कळू द्या. गुपचूप दिलेल्या सोयीची ना देणाऱ्याला किंमत राहते, ना घेणाऱ्याला.

आता किराणा दुकान. हे मी तिसऱ्या रकान्यात टाकायला सांगितलं. कंपनीने दुकान चालवू नये, दुकानाला जागा द्यावी. कॉलनीतल्याच बायकांच्या बचत गटाला द्या, एखाद्या निवृत्त कामगाराला द्या. खोली, लाइट, गाडीभाडं कंपनीचं. खरेदी-विक्री त्यांची. अट एकच, भावाचा फळा दर्शनी लावायचा. आणि आठवडी बाजाराच्या दिवशी कंपनीची गाडी ज्याला बाजारात जायचं त्याला फुकट नेईल आणि आणेल.

भाऊ म्हणाला, "सर, सगळे बाजारात गेले तर दुकान चालन कसं?"

तेच तर पाहिजे आहे! लोकांना जायची वाट असली की दुकानाचा भाव आपोआप सरळ राहतो. इन्स्पेक्टर ठेवायला नको. आणि गंमत अशी, की जायची सोय असूनही बरेच जण जात नाहीत. रविवारी कोणाला झोपायचं असतं, कोणाला कपडे धुवायचे असतात. पण जाता येतं हे माहीत असलं, की इथल्या दुकानात उभा राहणारा माणूस वेगळ्या तोंडाने उभा राहतो.

पगारातून किराणा कापणं मात्र मी साफ बंद करायला सांगितलं. मी वकील नाही, पण इतकं तुम्हाला ठाऊक असू द्या. पगारातून काय कापता येतं याची यादी १९३६ च्या वेतन कायद्यात होती, आता ती २०१९ च्या वेतन संहितेत आहे. मनाला येईल ते कापता येत नाही. जुन्या कायद्यात तर स्पष्ट होतं की घर किंवा सोय कामगाराने स्वतः स्वीकारलेली पाहिजे, आणि तिच्या किमतीपेक्षा जास्त कापायचं नाही. पूर्ण पगार खात्यात जाऊ द्या. मग माणूस दुकानात येऊन स्वतःच्या हाताने पैसे देईल. दोन-चार बुडवतील. बुडवू द्या. उधारीला घरामागे मर्यादा ठेवा, म्हणजे बुडाली तरी मर्यादेत बुडेल.

गेटच्या बाहेरचा दोर

शेवटचा भाग कोणालाच आवडत नाही. कंपनी बंद पडली तर? किंवा हंगाम मोडला, किंवा शेठजींच्या पोराला पुण्यात दुसरा धंदा करायचा असला तर?

कॉलनीतल्या ४८ घरांचं सगळं गेटच्या आत बांधलेलं असतं. पाणी कंपनीचं, दुकान कंपनीचं, शाळेचा ऑटो कंपनीचा. ग्रामपंचायतीला ही माणसं माहीतच नसतात. ग्रामसेवक म्हणतो, ते कंपनीचे. कंपनी म्हणते, आमच्याकडे कामाला आहेत तोवर आमचे. म्हणून मी भाऊला सांगितलं, प्रत्येक घराचा एक तरी दोर गेटच्या बाहेर बांध. कॉलनीतच पोरांचा क्लास काढू नकोस, जिल्हा परिषदेच्या शाळेत नावं घाल, ऑटो आपला चालू ठेव. ऑटो बंद पडला तरी शाळेच्या पटावर नाव राहील. अंगणवाडी ताईंना कॉलनीत बोलाव, लहान लेकरांची आणि गरोदर बायकांची नोंद करून घे. आशाताईंचा नंबर फळ्यावर लाव. बाहेरून आलेल्या कुटुंबांचं रेशन गावाकडच्या कार्डावर इथेही उचलता येतं, एक देश एक रेशनकार्डामुळे. पण हे त्यांना सांगणार कोण? आपणच. नळ योजनेत कॉलनी घेता येते का, हे ग्रामपंचायतीत जाऊन विचार, आणि लेखी विचार.

आणि पंपासाठी वेगळं कनेक्शन, वेगळं मीटर. कारखान्याच्या बिलाशी त्याचा संबंध नको. कसं मिळतं, कोणत्या दराने, ते महावितरणच्या ऑफिसात कळेल. पण अर्ज तरी टाक.

भाऊने हे सगळं दोन पानांत लिहिलं. मी फक्त शुद्धलेखन पाहिलं. मग आम्ही दोघं शेठजींकडे गेलो. माणूस वाईट नाही हो. ऑटोभाड्याचा घरामागे ५८ चा आकडा पाहिला आणि एका मिनिटात हो म्हणाले, वरून भाऊवरच चिडले, "हे पहिले काऊन नाही सांगितलं?" पंपाची आणि डॉक्टरची वेळ तर आधीच बदलली होती, ते त्यांना आवडलं. बाजाराच्या गाडीला डिझेलचा हिशेब मागितला, तो अजून चालू आहे. पगारकपात बंद करायला मात्र मान हलत नव्हती. "उधारी बुडाली तर कोण देईल? तुम्ही?" मी म्हटलं, घरामागे २,००० ची मर्यादा ठेवा, सगळीच्या सगळी ४८ घरं बुडाली तरी ९६ हजार. सगळी बुडणार नाहीत, हे तुम्हालाही माहीत आहे. यावर ते हसले, हो म्हणाले नाहीत. "हंगाम संपू द्या, मग पाहू."

मीटरचं निघालं तेव्हा चेहरा बदलला. "वेगळं मीटर कशाला? माझी कंपनी बंद पडणार आहे का?"

चालू कंपनीच्या मालकासमोर बसून त्याच्या कुलपाची गोष्ट काढणं सोपं नसतं. मी त्यांना हापशीची गोष्ट सांगितली. कारखान्याचं नाव सांगितलं नाही, पण त्यांनी ओळखलं असावं, जिल्हा काही फार मोठा नाही. थोडा वेळ गप्प बसले. मग भाऊला म्हणाले, "अर्ज लिहून आण. वाचतो."

परवा भाऊचा फोन आला होता. शाळेचा ऑटो आता भरून जातो, दोन पोरी वॉचमनच्या शेजारी पुढे बसतात. बचत गटाच्या बायकांनी दुकान घ्यायची तयारी दाखवली आहे, पण त्यांना वजनकाटा नवीन पाहिजे. मीटरचा अर्ज शेठजींच्या टेबलावर आहे. सही बाकी आहे.